तोफ दिली, गोळ्याचे काय?

मा. संपादक महोदय,

सादर नमस्कार.

आपला अंक ग्वाल्हेरला एक दिवस उशिराने पोहोचतो, त्यामुळे या पत्रालाही थोडा उशीरच झाला आहे. गणेशोत्सवात आमच्या लष्कर भागात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची मराठी वादविवाद स्पर्धा झाली. तिचा वृत्तान्त आपण बृहन्महाराष्ट्राच्या बातम्यांत छापलात, याबद्दल प्रथम आभार मानतो. (लष्कर हे पेठेचे नाव आहे. दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली आणि ती पुढे हललीच नाही, म्हणून शहराच्या त्या भागाला आजही लष्करच म्हणतात.) स्पर्धेचा विषय होता, ‘आक्रमण झालेल्या देशाला मित्रराष्ट्रांनी जड शस्त्रे द्यावीत काय?’ आणि ओघानेच सारी चर्चा युक्रेनभोवती फिरली. परीक्षकांच्या तीन खुर्च्यांपैकी एकीवर मी बसलो होतो. वृत्तान्त आल्यानंतर तीन दिवसांनी आपल्याच पत्रव्यवहारात एका वाचकांनी लिहिले की, असे विषय मुलांना देणे म्हणजे त्यांच्या हाती कोलीत देणे होय. शस्त्रे दिल्याने युद्ध लांबते, उद्या अणुयुद्धही पेटेल; शस्त्रे पुरवणारे देश आगीत तेल ओतत आहेत, एवढे म्हटले की या विषयात बोलण्यासारखे काही उरत नाही, असे त्यांचे म्हणणे. मला मात्र बोलण्यासारखे पुष्कळ उरते असे वाटते, आणि त्यातले जे मला माझ्या कामामुळे ठाऊक आहे, तेवढेच येथे मांडतो.

मी सैन्यात तोफांची दुरुस्ती करणाऱ्या वर्कशॉपमध्ये 28 वर्षे काढली आणि सुभेदार म्हणून निवृत्त झालो. मुत्सद्देगिरी हा माझा प्रांत नव्हे. पण तोफ दुसऱ्याकडून घेतली की तिच्यासोबत काय काय घ्यावे लागते आणि ते न मिळाल्यास काय होते, हे मी हाताला ग्रीस लागलेले असताना पाहिले आहे. स्पर्धेत दोन्ही बाजूंची मुले उत्तम बोलली; तरीही ‘द्यावे’ म्हणणारी मुले काय आणि ‘देऊ नये’ म्हणणारी काय, सर्वजण तोफ ही एखादी वस्तू असल्यासारखे बोलत होते, जणू ती एकदा सुपूर्द केली की देणाऱ्याचे काम संपले.

आधी माझी बाजू स्पष्ट करतो. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील 51 वे कलम आक्रमण झालेल्या देशाला स्वसंरक्षणाचा अधिकार देते, आणि तो अधिकार एकट्याने तसाच सामूहिकपणेही बजावता येतो. 24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाचे सैन्य सीमा ओलांडून युक्रेनमध्ये शिरले; कोणी कोणाच्या देशात सैन्य घातले, याबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. शिवाय याच देशाने 5 डिसेंबर 1994 च्या बुडापेस्ट करारान्वये सोव्हिएत काळापासून आपल्या भूमीवर असलेली अण्वस्त्रे सोडून दिली होती आणि त्या बदल्यात त्याच्या सीमांचा आदर राखण्याचे जे आश्वासन अमेरिका, ब्रिटन आणि रशिया यांनी दिले, त्यावर रशियाचीही सही आहे. ज्याने स्वतःहून सर्वांत मोठे शस्त्र खाली ठेवले, त्याने संकटात तोफ मागितली तर ती देण्यात मला अधर्म दिसत नाही. माझे म्हणणे एवढेच की, द्यायची तर वेळेवर द्यावी आणि पुरती द्यावी.

‘जड शस्त्रे’ हा शब्द आपल्याकडे रूढ झाला तो मुख्यतः जर्मनीतील वादामुळे. युद्धाच्या तोंडावर जर्मनीने युक्रेनला 5,000 हेल्मेट देऊ केली, तेव्हा कीव्हच्या महापौरांनी पुढच्या वेळी उशा पाठवणार काय, असा टोला हाणला होता. तीनच महिन्यांत चित्र पालटले. 28 एप्रिल 2022 रोजी जर्मन संसदेने जड शस्त्रे देण्याच्या बाजूने 586 विरुद्ध 100 मतांनी कौल दिला. दुसऱ्याच दिवशी 28 लेखक-कलावंतांचे खुले पत्र प्रसिद्ध झाले. त्यात लेखक मार्टिन वाल्झर होते, चित्रपट-दिग्दर्शक अलेक्झांडर क्लूगे होते. त्यांनी चॅन्सेलर शोल्झ यांना विनवले की, जड शस्त्रे देऊन जर्मनीला युद्धातील पक्ष बनवू नका, आणि विध्वंस एका मर्यादेपलीकडे गेला की प्रतिकाराचाही फेरविचार करावा लागतो. काही दिवसांतच शस्त्रे द्यावीत असे म्हणणाऱ्यांचे दुसरे खुले पत्र आले. एका देशातील शहाणी माणसे वृत्तपत्रांतून एकमेकांना उत्तरे देत होती. आपल्या पत्रलेखकांना जो विषय कोलीत वाटतो, तो तेथे महिनोन्‌महिने पहिल्या पानावर होता.

पण खरी मौज पुढे आहे आणि तीच मला मुलांना सांगायची होती. जर्मनीने पहिले जड शस्त्र म्हणून जी देण्याचे जाहीर केले, ती गेपार्ड नावाची विमानवेधी तोफ होती: रणगाड्याच्या सांगाड्यावर बसवलेल्या 35 मिलिमीटरच्या दोन नळ्या. ड्रोन पाडायला ती फार उपयोगी पडली. मात्र तिचा दारूगोळा स्वित्झर्लंडमध्ये तयार झालेला होता आणि स्विस सरकारने आपल्या तटस्थतेच्या कायद्यावर बोट ठेवून, आमचा माल जर्मनीने परस्पर युद्धभूमीवर पाठवायचा नाही, असे बजावले. तोफ एका देशाची, गोळी दुसऱ्या देशाची आणि परवानगी तिसऱ्याच विचाराने अडलेली! शेवटी जर्मनीला त्या दारूगोळ्यासाठी आपल्याच भूमीवर नवी उत्पादनव्यवस्था उभारावी लागली. संसदेतल्या 586 मतांनी तोफ हलली, तिच्या पोटातली गोळी हलली नाही.

येथे कारगिलची आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. 1986 साली आपण स्वीडनकडून 155 मिलिमीटरच्या 410 तोफा घेण्याचा करार केला. बोफोर्स म्हटले की सर्वांना आठवतो तो लाचखोरीचा गदारोळ, आम्हाला आठवतात त्या तोफा. गदारोळानंतर खरेदीचे सगळेच व्यवहार थंडावले. देशात तोफ बनवण्याचे कागद हाती होते, तेही वर्षानुवर्षे तसेच राहिले. त्यांचा उपयोग पुढे जबलपूरच्या कारखान्यात ‘धनुष’ तोफ तयार झाली तेव्हा झाला. दरम्यान सुटे भाग मिळेनासे झाले होते. 1999 मध्ये द्रासच्या बाजूला आमचे फिरते वर्कशॉप होते. एका रात्री एका तोफेच्या धक्काशामक यंत्रणेतून तेल गळू लागले. लागणारे सील भांडारात नव्हते आणि मागवून येण्याइतका वेळही नव्हता. मागच्या बाजूला एक तोफ दुसऱ्याच कारणाने बंद पडून उभी होती. टॉर्चच्या काचेवर लाल कापड बांधून त्या उजेडात आम्ही तिच्यातले सील काढले आणि पहाटेपूर्वी चालत्या तोफेत बसवले. त्या बंद तोफेतून आधीही बरेच काही काढून झाले होते. आमची पोरे तिला ‘किराणा दुकान’ म्हणत आणि कोणीतरी तिच्या ढालीवर खडूने ‘उधारी बंद’ असे लिहून ठेवले होते.

हसू येते खरे, परंतु ज्या सैन्याला दहा-बारा देशांच्या दहा-बारा प्रकारच्या तोफा देणगीदाखल मिळतात, त्याच्या वर्कशॉपमध्ये अशी किती दुकाने उभी राहत असतील, याची कल्पना आम्हालाच येऊ शकते. युक्रेनच्या जुन्या तोफा सोव्हिएत मापाच्या, 152 मिलिमीटरच्या. पश्चिमेकडून आलेल्या 155 च्या. फरक अवघा तीन मिलिमीटरचा, म्हणजे नखाएवढाही नाही, पण तेवढ्याने एकीचा गोळा दुसरीत चालत नाही. गोळ्याचे वजन सुमारे 43 किलो. एका तोफेने दिवसाला 100 गोळे डागले तर चार टनांहून अधिक लोखंड आणि स्फोटक एका तोफेमागे रोज पोहोचवावे लागते. सहा तोफांच्या तुकडीचे पंचवीस टनांवर जाते, आणि त्यात गोळा ढकलणारी दारू आणि फ्यूज धरलेलेच नाहीत. इतके गोळे गेल्यावर नळी झिजते, झिजलेल्या नळीतून नेम सुटतो, आणि मग नवी नळी कोणाकडून आणायची हा प्रश्न उभा राहतो. जर्मनीने दिलेल्या स्वयंचलित तोफा काही आठवड्यांच्या अखंड माऱ्याने दुरुस्तीस आल्या. त्यांतल्या काही लिथुआनियात नेऊन दुरुस्त कराव्या लागल्या आणि पुढे स्लोव्हाकियात त्यासाठी स्वतंत्र केंद्र उघडले गेले. आघाडीपासून दुरुस्तीच्या फलाटापर्यंत शेकडो किलोमीटर, मध्ये परक्या देशाची सीमा. आम्हाला द्रासहून मागे यायचे तर निदान जकातनाका तरी लागत नव्हता.

मग आश्वासन आणि माल यांचा मेळ कसा बसला, ते पाहा. युरोपीय संघाने मार्च 2023 मध्ये एका वर्षात 10 लाख गोळे देण्याचे ठरवले. मुदत सरली तेव्हा जेमतेम निम्मे पोहोचले होते. कारण साधे होते, कारखानेच नव्हते. तीस वर्षे शांततेच्या हिशेबाने आखणी केलेल्या देशांकडे तोफा दाखवण्यापुरत्या उरल्या होत्या आणि गोळ्यांचे साठे काही दिवसांचे. 2024 च्या फेब्रुवारीत चेक प्रजासत्ताकाने जगभर हिंडून 8 लाख गोळे हेरले आहेत, पैसे द्या, असे मित्रराष्ट्रांना सांगितले, आणि त्याच महिन्यात अव्दिइव्का हे शहर युक्रेनच्या हातून गेले. अमेरिकेच्या संसदेत मदतीचे विधेयक महिनोन्‌महिने अडकून शेवटी एप्रिलमध्ये मंजूर झाले. हा क्रम वाचताना मला चीड येते, हे कबूल करतो.

रणगाड्यांचेही तेच. द्यावेत की देऊ नयेत, यावर जवळपास वर्ष गेले. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये युक्रेनने खेरसन परत घेतले तेव्हा रशियाची फळी विस्कळीत होती. 25 जानेवारी 2023 रोजी जर्मनीने 14 लेपर्ड आणि अमेरिकेने 31 एब्रॅम्स देण्याचे जाहीर केले. प्रत्यक्ष चढाईला जून उजाडला. मधल्या काळात समोरच्या बाजूने झापोरिझ्झियाच्या शेतांतून खंदक, रणगाडे अडवणारे काँक्रीटचे दात आणि सुरुंगांचे पट्टे आखून ठेवले होते. तोच प्रकार लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा आणि एफ-16 विमानांचा: प्रत्येक वेळी आधी ‘यामुळे युद्ध भडकेल’ म्हणून नकार, मग वर्षभराने होकार. वर्षभराने देताही येते तर पहिल्याच दिवशी का देता आले नाही, हा प्रश्न ‘देऊ नये’ म्हणणाऱ्यांनी नव्हे, ‘द्यावे’ म्हणणाऱ्यांनी आपल्या सरकारांना विचारायला हवा होता.

आता पत्रलेखकांच्या मुख्य आक्षेपाकडे येतो. शस्त्रे दिल्याने युद्ध लांबते, असे त्यांचे म्हणणे. लांबते, यात संशय नाही. लढू शकणारा लढत राहतो. पण युद्ध लवकर संपवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे ज्याच्या घरात शिरले त्याने हात वर करणे, आणि तो सल्ला तिऱ्हाइताने द्यावा हे मला पटत नाही. 1962 च्या नोव्हेंबरमध्ये चिनी फौजा खाली उतरल्या तेव्हा आपण काय केले होते? अलिप्ततेचे धोरण जगाला सांगणाऱ्या पंडित नेहरूंनी राष्ट्राध्यक्ष केनेडींकडे पत्रे लिहून लढाऊ विमानांच्या किमान 12 तुकड्यांची मदत मागितली. अमेरिकेची वाहतूक विमाने आली, अमेरिकेकडून आणि ब्रिटनकडून शस्त्रे व दारूगोळा आला. त्या वेळी एखाद्या दूरच्या देशाने, भारताला शस्त्रे देऊ नका, उगाच लढाई लांबेल, असे म्हटले असते तर आपल्या वाडवडिलांना ते कसे वाटले असते?

अणुयुद्धाची भीती मी हसण्यावारी नेत नाही. पत्रलेखकांच्या म्हणण्यातला तेवढा भाग मला रात्री अंथरुणावरही आठवतो. तरी इतिहास पाहता शस्त्रे देणे आणि युद्धात उतरणे यांत अंतर राहिलेले आहे. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेची विमाने पाडणारी क्षेपणास्त्रे मॉस्कोनेच दिली होती, म्हणून अमेरिका आणि सोव्हिएत संघ एकमेकांवर तुटून पडले नाहीत. त्याही आधी 1941 मध्ये, अमेरिका स्वतः युद्धात नसताना, उसनवार-भाडेपट्ट्याच्या कायद्याने शस्त्रे आधी ब्रिटनला आणि मग सोव्हिएत संघाला गेली; रशियाची ख्यातनाम कात्युशा रॉकेटे पुढे अमेरिकन स्टुडबेकर ट्रकांवरून डागली जात. (डिसेंबर उजाडल्यावर अमेरिका युद्धात ओढली गेलीच, असे कोणी म्हणेल. ओढले ते पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकणाऱ्या जपानने.) आक्रमकाकडे मोठा बॉम्ब आहे एवढ्या कारणाने त्याच्या शेजाऱ्याला तोफ नाकारायची, असे एकदा ठरले, तर ज्याच्याकडे बॉम्ब नाही अशा प्रत्येक देशाने काय समजायचे? बुडापेस्टला सही करणाऱ्याने काय समजायचे?

मात्र देणाऱ्याची तोफ कधीच फुकट नसते, आणि येथे मी ‘द्यावे’ म्हणणाऱ्या मुलांना कमी गुण दिले. 1962 च्या मदतीपाठोपाठ अमेरिकेचे हॅरिमन आणि ब्रिटनचे डंकन सँडिस दिल्लीत आले आणि काश्मीरवर पाकिस्तानशी बोला, असा लकडा लावला. आपले स्वर्णसिंग आणि पाकिस्तानचे भुट्टो यांच्या चर्चेच्या सहा फेऱ्या त्यातूनच झाल्या. 1965 मध्ये अमेरिकेने दोन्ही देशांची शस्त्रे बंद केली आणि पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांचे सुटे भाग अडले. ताजे उदाहरण 2025 च्या फेब्रुवारी-मार्चमधले आहे: वॉशिंग्टनच्या दालनात दोन राष्ट्राध्यक्षांची सर्वांसमक्ष वादावादी झाली आणि काही दिवसांतच युक्रेनची शस्त्रमदत थांबली, आठवडाभराने पुन्हा सुरू झाली, पण घेणाऱ्याला जे समजायचे ते समजले. ग्वाल्हेरच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. महादजी शिंद्यांनी द बॉइन्य या युरोपीय सेनानीकडून उभारून घेतलेला तोफखाना हिंदुस्थानात नावाजलेला होता. 1803 मध्ये इंग्रजांशी गाठ पडली तेव्हा पेराँसह गोरे अधिकारी शिंद्यांची चाकरी सोडून गेले. लासवारीच्या लढाईत तोफांपाशी उभे राहिले आणि मेले ते इथलेच गोलंदाज. चाळीस वर्षांनी, 29 डिसेंबर 1843 रोजी, महाराजपूर आणि पन्नियारच्या लढायांत ग्वाल्हेरच्या तोफा इंग्रजांनी जिंकल्या आणि त्यांचेच कांसे वितळवून आपल्या शिपायांना बिल्ले केले.

म्हणून डेन्मार्कने जो मार्ग काढला तो मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. आपल्याकडच्या तोफा संपल्यावर त्या देशाने 2024 मध्ये युक्रेनच्याच कारखान्यांत तयार होणाऱ्या बोहदाना तोफांचे पैसे भरले. नळी तिथली, सील तिथले, दुरुस्ती करणारा हातही तिथला. तिथे बंद पडलेल्या तोफेवर किराणा दुकान होण्याची वेळ येत नाही.

आपल्या देशाच्या भूमिकेवर स्पर्धेत टाळ्या पडल्या, त्याबद्दल दोन वाक्ये. 2 मार्च 2022 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत 141 देश रशियाच्या आक्रमणाविरुद्धच्या ठरावाच्या बाजूने गेले, तेव्हा मतदानापासून दूर राहिलेल्या 35 देशांत भारत होता. आपली निम्मी-अधिक आयुधे रशियन असताना सरकारला एवढी सावधगिरी बाळगावी लागते, हे मी समजू शकतो. त्याच युद्धापायी आपल्या हवाई दलाला रशियाच्या एस-400 या विमानवेधी क्षेपणास्त्र यंत्रणेची खेपही वेळेवर मिळाली नाही. पण सावधगिरीला नीतीचा मुलामा देऊन दुसऱ्यांना उपदेश करू नये, इतकेच.

शेवटी एक विनंती. वृत्तान्तासोबत आपण छापलेल्या छायाचित्राखाली ‘जर्मन रणगाडा’ असे लिहिले आहे. तो रणगाडा नाही. ती पँझरहाउबित्स 2000 ही स्वयंचलित तोफ आहे. लेपर्ड रणगाड्याची 120 मिलिमीटरची नळी समोर दिसणाऱ्या लक्ष्यावर रोखलेली असते. या तोफेची 155 ची नळी सुमारे आठ मीटर लांब असून ती तीस किलोमीटरपलीकडच्या न दिसणाऱ्या लक्ष्यावर आकाशाकडे तोंड करून मारा करते, आणि तिचे चिलखत रणगाड्याच्या मानाने पातळ असते. आपण नीट पाहिलेत तर छायाचित्रात नळीच्या टोकाशी कापडी टोपी बांधलेली दिसेल. ती आम्हीही बांधत असू, धूळ आत जाऊ नये म्हणून. कृपया पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त सुभेदार
लष्कर, ग्वाल्हेर